बेघरपणाचे तीन प्रकार: घरच्यांनी काय ओळखावे?

पुलगाव स्टेशनच्या फलाटावर झोपलेल्या सगळ्यांना आपण ‘बेघर’ म्हणतो. पण उपचार ठरवताना हा एक शब्द पुरत नाही.

अमेरिकेतील कुन आणि कल्हेन या संशोधकांनी न्यूयॉर्क व फिलाडेल्फियातील निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. माणूस किती वेळा आला आणि एकूण किती दिवस राहिला, एवढेच पाहिले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ८० टक्के लोक तात्पुरते बेघर निघाले. सुमारे १० टक्के वारंवार बेघर होत, म्हणजे निवारा, रुग्णालय, तुरुंग आणि पुन्हा निवारा. साधारण तेवढेच दीर्घकाळ बेघर होते, पण निवाऱ्यातील जवळजवळ निम्मे दिवस या थोड्या लोकांचेच होते. मानसिक आजार आणि व्यसन शेवटच्या दोन गटांत जास्त आढळले.

हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे बरेच लोक उघड्यावर झोपतात, त्यांची कुठे नोंदच नसते. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. पण एका रात्रीच्या मोजणीत वर्षानुवर्षे रस्त्यावर असणारेच जास्त सापडतात, चार दिवसांसाठी घर सुटलेले निसटतात.

घरच्यांची सर्वात जास्त दमछाक होते ती दुसऱ्या प्रकारात. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झोप उडते, संशय वाढतो, तो एकटाच पुटपुटतो आणि एक दिवस निघून जातो. हा हट्ट नव्हे, आजार उलटला आहे. झोप बिघडली की लगेच डॉक्टरांना दाखवा. माझ्या मते घर सुटणे टाळायची खरी वेळ हीच.

माणूस गेलाच तर ‘येईल परत’ म्हणून थांबू नका. फोटो आणि औषधाची चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार, असा भटकणारा रुग्ण सापडल्यास त्याच्या घरच्यांचा शोध घेणे पोलिसांचे कर्तव्य आहे.

अनेक वर्षे रस्त्यावर राहिलेलेही परततात. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी आल्यावर मात्र गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. आपल्या भागातून त्यासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ पडते. फोनवर मोफत सल्ल्यासाठी टेली-मानस: १४४१६.