माती सकस आहे, पण निर्धोक आहे का?

कोल्हापुरात घरामागच्या जागेत मेथी, पोकळा, मुळा लावणारी घरं अजून पुष्कळ आहेत. या मातीची तपासणी सरकारी खर्चातून होऊ शकते का, आणि त्या तपासणीतून नेमकं काय कळतं?

केंद्राची मृद आरोग्य पत्रिका योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ही यादी पिकाच्या पोषणासाठी केलेली आहे. शिसे आणि कॅडमियम तिच्यात नाहीत. योजनेची चौकटही शेताची: बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. शिवाजी पेठेतला परस तिच्यात बसणार कसा?

शहरी मातीला धोके वेगळे. देशात 2000 सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल जळत होतं. जुन्या भिंतींच्या रंगातही शिसे असू शकतं. भरावाची माती कुठून आली, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या पुरांनी नदीकाठच्या वस्तीत गाळ आणून टाकला. शिसे कुजत नाही; ते वरच्या थरात धरून राहतं. पोकळ्याच्या पानावरची धूळ, मुळ्याला चिकटलेली माती आणि मुलांचे मातीने भरलेले हात, या वाटांनी ते पोटात जातं.

तपासायचं कसं? जस्त, तांबे मोजताना प्रयोगशाळा 10 ग्रॅम मातीत 20 मिली डीटीपीए हे धातू सोडवून घेणारं द्रावण घालून दोन तास हलवते, गाळते आणि सहसा अणुशोषण यंत्रावर मोजते. या यंत्रात सहसा प्रत्येक धातूचा दिवा वेगळा असतो. शिसे आणि कॅडमियमचे दिवे बसवले की तेच यंत्र उपयोगी पडतं. मात्र डीटीपीएने फक्त पिकाला मिळू शकणारा अंश कळतो. एकूण शिसे मोजायला माती आम्लात शिजवावी लागते, म्हणजे धूर ओढून घेणारं कपाट आणि शिकलेला माणूस हवा. सार्वजनिक पैसा लागणार तो इथे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. हा खर्च तिथून मागता येईल.

नमुना घेताना गंजलेलं, रंगवलेलं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं खुरपं वापरू नये. वाफ्यात आठ-दहा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल माती घ्यावी, मिसळावी आणि अर्धा किलो सावलीत वाळवावी. भिंतीलगतचा नमुना वेगळा ठेवावा.

अहवालाला मापही हवं. अमेरिकेने 2024 साली घराभोवतीच्या मातीतल्या शिशाची तपासणी-पातळी किलोला 400 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली. आपल्याकडे परसबागेसाठी असा आकडा अहवालावर छापलेला असावा, म्हणजे घरच्या माणसाला तो वाचून निर्णय घेता येईल.

तोवर भिंतीलगत पालेभाजीऐवजी वांगी, दोडका लावावा. वाफे उंच करून चांगली माती आणि खत भरावं. भाजी भरपूर पाण्यात धुवावी, मुळा सोलून खावा. आणि महापालिका व कृषी विभागाकडे मागणी करावी: शहरातल्या मातीच्या पत्रिकेत शिसे आणि कॅडमियम हे दोन रकाने वाढवा.