आवडलेले, अर्धवट राहिलेले आणि वाजवीपेक्षा अधिक वाखाणलेले पुस्तक

‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंधविषय प्राथमिक शाळेत नवा नाही. वर्गात तो दिला म्हणजे जमा झालेल्या वह्यांतून बहुधा एकाच पुस्तकाचे नाव पुनःपुन्हा आढळते. वाक्येही बहुतेक सारखीच असतात. पुस्तक संस्कार करणारे आहे, ते वाचताना डोळ्यांत पाणी येते आणि प्रत्येकाने ते वाचावे, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. वही तपासणाऱ्या शिक्षकाने त्याच मुलाला जवळ बोलावून पुस्तकातील एखादा प्रसंग सांगावयास सांगितले, तर मूल गप्प राहते, कारण त्याने ते पुस्तक पाहिलेलेच नसते. निबंध मार्गदर्शक पुस्तिकेतून उतरलेला असतो.

यात मुलाचा दोष थोडा आहे. पुस्तकाविषयी चांगलेच बोलावयाचे असते, गाजलेले पुस्तक आवडलेच पाहिजे आणि हाती घेतलेले पुस्तक पुरे न करणे हा आळस होय, अशा तीन समजुती त्याने मोठ्यांकडूनच उचललेल्या असतात. त्यांच्यामुळे वाचन वाढत नाही. उलट आपल्याला जे वाटले नाही ते वाटले म्हणून लिहिण्याची सवय लहानपणीच लागते. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने ही हानी अशुद्ध लेखनापेक्षा मोठी आहे. ऱ्हस्वदीर्घाची चूक पुढे सुधारता येते, परंतु मन आणि शब्द यांची फारकत एकदा अंगवळणी पडली की ती सहसा सुटत नाही. म्हणून प्रत्येक वाचकाची पुस्तके तीन प्रकारची असतात, हे वर्गात मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. काही आवडतात, काही अर्धवट राहतात आणि काहींची कीर्ती ऐकली त्या मानाने ती मनाला भिडत नाहीत. या तिन्ही प्रकारांचा अर्थ आणि वर्गातील उपयोग पुढे दिला आहे.

१. आवडते पुस्तक

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यांतील दोन नियम होत. ‘त्याचे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सर्वांचे म्हणून एकच आवडते पुस्तक असू शकत नाही, हे या नियमांतूनच निघते.

खानदेशातील शिक्षकाला याचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात व घरात काम करताना त्यांच्या तोंडी आलेली गाणी घरातील माणसांनी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र सोपानदेव चौधरी यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाईंना स्वतःचे पुस्तक वाचता आले नसते, त्यांचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे.

हा संग्रह वर्गात वाचला जातो तेव्हा एक गोष्ट हटकून घडते. एरवी प्रमाण मराठीत बोलताना अडखळणारे मूल, आपल्या आजीच्या तोंडचे शब्द छापलेले पाहून मान वर करते. जोते, मोट, खळे, चूल ही त्याच्या ओळखीची असतात. पुस्तक आवडण्याचे पहिले कारण बहुधा हेच असते, की त्यात स्वतःचे काही तरी सापडते. ज्या मुलाच्या घरी अहिराणी, भिल्ली किंवा पावरी बोलली जाते, त्याच्यासाठी तर हे कारण फारच मोलाचे आहे. अशा मुलाने आवडते म्हणून एखादे लहानसे, चित्रांचे, अनोळखी पुस्तक सांगितले, तरी ते उत्तर उतरून काढलेल्या दोन पानांच्या निबंधापेक्षा श्रेष्ठ मानावे.

२. अर्धवट राहिलेले पुस्तक

अर्धवट पुस्तकाचे दोन अर्थ आहेत. काही पुस्तके लेखकाकडून अपुरी राहतात, काही वाचकाकडून. पहिल्या अर्थाचीही थोर उदाहरणे खानदेशात आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे २२ खंड प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे देह ठेवला. त्या वेळी त्यांनी योजलेली कितीतरी कामे अपुरी होती. मराठी धातूंचा त्यांनी रचलेला कोश त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला आणि त्यांचे कागदपत्र सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. धरणगाव येथे जन्मलेले कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. त्यांच्या काही कविता अपुऱ्याच राहिल्या. अपुरे राहिलेले सर्वच टाकाऊ नसते, हे मुलांना या दोन उदाहरणांवरून सहज समजते.

दुसरा अर्थ वाचकाचा. मूल पुस्तक मध्येच का सोडते, हे विचारल्यावाचून त्याला आळशी ठरवू नये. कारणे निरनिराळी असतात. कधी अक्षर बारीक असते. कधी पहिल्या दहा पानांतच तीस अनोळखी शब्द येतात. कधी पुस्तक चांगले असते, परंतु मुलाचे वय त्यासाठी कमी असते. कधी वेळच नसतो. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की कित्येक घरांतील मुलांची संध्याकाळ शेतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यात जाते. ऊसतोडीसाठी घर सोडणाऱ्या कुटुंबातील मुलाचे पुस्तक तर शाळेच्या कपाटातच राहते. या प्रत्येक कारणावर उपाय वेगळा आहे. बारीक अक्षराचे पुस्तक बदलून द्यावे, अवघड पुस्तक शिक्षकाने वाचून दाखवावे, वयाला न मानवणारे पुस्तक दोन वर्षांनी पुन्हा पुढे करावे आणि वेळ नसलेल्या मुलाला शाळेतच अर्धा तास द्यावा. कारण न विचारता केलेली शिक्षा यांपैकी एकही उपाय करीत नाही.

मोठे पुस्तक पुरे होत नाही याचे आणखी एक कारण म्हणजे ते एका बैठकीत संपविण्याची घाई. या बाबतीत धुळ्याच्या तुरुंगातील एक घटना शिक्षकांनी ध्यानी ठेवावी. १९३२ साली आचार्य विनोबा भावे तेथे बंदिवासात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी सहकारी बंदिवानांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. अठरा रविवार, अठरा अध्याय. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला. पुढे अनेक घरांत तो आणला गेला आणि त्याची पहिली दोन-तीन प्रवचनेच वाचून झाली. जो ग्रंथ आठवड्याला एक या गतीने निर्माण झाला, तो त्याच गतीने वाचला तर जड जात नाही. शनिवारच्या अर्ध्या शाळेत एकच प्रकरण वाचावयाचे असा नेम धरला, तर एका सत्रात मुलांचे एक जाड पुस्तक सहज पुरे होते.

फ्रान्समधील शिक्षक व कादंबरीकार दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी प्रसिद्ध केली. पुस्तक पुरे न करण्याचा आणि पाने गाळण्याचा हक्क त्यांत आहे. येथे एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हा हक्क अवांतर वाचनापुरता आहे. पाठ्यपुस्तकातील धडा अवघड वाटला म्हणून सोडता येत नाही. तो सोपा करून शिकविणे हे शिक्षकाचे काम होय.

३. वाजवीपेक्षा अधिक वाखाणलेले पुस्तक

हा तिसरा प्रकार नाजूक आहे. एखाद्या गाजलेल्या पुस्तकाविषयी ‘मला ते तितके आवडले नाही’ असे मुलाने म्हटले, तर ते उद्धटपणाचे मानले जाते. वास्तविक स्तुती ही पुस्तकाहून वेगळी वस्तू आहे. स्तुती कधी अचूक असते, कधी उतावीळ, आणि कधी ती केवळ सवयीने चालू राहते.

१९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात कोवळ्या वयाच्या ठोमऱ्यांनी आपली कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले. ती स्तुती त्यांच्या पुढील कवितेने सार्थ ठरविली. परंतु स्तुती आधी झाली आणि कसोटी नंतर लागली, हा क्रम विसरू नये.

मतभेद कसा असू शकतो याचे दुसरे उदाहरण यावल तालुक्यातील सांगवी येथे १९३८ साली जन्मलेले भालचंद्र नेमाडे यांचे होय. खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेल्या तरुणाची ‘कोसला’ ही त्यांची कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिने मराठी कादंबरीला नवे वळण दिले असे मानणारे वाचक आहेत आणि तिच्या सांगण्याच्या तऱ्हेने कंटाळून ती मिटून ठेवणारेही आहेत. लेखकाला २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला म्हणून दुसऱ्या वाचकाचा कंटाळा खोटा ठरत नाही, आणि त्याच्या कंटाळ्याने पुस्तकही लहान होत नाही. शिक्षकखोलीत अशा पुस्तकावर दोन शिक्षकांनी मनमोकळा वाद केला, तर त्यातून वर्गालाही काही मिळेल.

आता ‘श्यामची आई’. निबंधाच्या वह्यांत सर्वांत अधिक वेळा येणारे नाव हेच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. अत्र्यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. इतकी कीर्ती लाभलेल्या पुस्तकावर एक संकट येते, ते असे की लोक पुस्तकाऐवजी त्याची कीर्तीच वाचतात. मुलापर्यंत बेचाळीस रात्रींची गोष्ट पोहोचत नाही. ‘आईची आज्ञा पाळावी’ एवढे एक तात्पर्य पोहोचते आणि त्याला ते कंटाळवाणे वाटते. त्याचा कंटाळा खरा असतो, पण तो पुस्तकाचा नसून तात्पर्याचा असतो.

उपाय असा, की स्तुती बाजूला ठेवून एकच प्रकरण वाचून दाखवावे. आंघोळीनंतर तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामचा प्रसंग कोणत्याही मुलाला हसवितो. कोकणातील नारळी-पोफळीचे आगर खानदेशातील मुलाने पाहिलेले नसते; परंतु कर्जापायी घरावर आलेली जप्ती, सावकाराच्या माणसाचे दारात येणे आणि आईने गिळलेला अपमान, हे कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील मुलाला समजावून सांगावे लागत नाही. एवढे वाचूनही एखाद्या मुलाला पुस्तक आवडले नाही, तर त्याचे मत तसेच नोंदवून घ्यावे. गुरुजींच्या थोरवीला त्याने बाध येत नाही.

४. तीन रकान्यांची वही

या विचाराला वर्गात रूप देण्यासाठी प्रत्येक मुलाने एक साधी वही ठेवावी. तिच्या पानावर तीन रकाने आखावेत: ‘आवडले’, ‘अर्धवट राहिले’ आणि ‘ऐकले तितके वाटले नाही’. पुस्तकाच्या नावापुढे दिनांक आणि कारण लिहावे. कारण एका वाक्याचे चालेल, परंतु ते पुस्तकातील एखाद्या प्रसंगाला किंवा पात्राला धरून असले पाहिजे. ‘छान आहे’ किंवा ‘कंटाळवाणे आहे’ एवढे कारण स्वीकारू नये.

वहीचे नियम तीन असावेत. पुस्तक सोडण्यास कोणाची परवानगी लागणार नाही. मात्र पुस्तकाला नावे ठेवावयाची असतील, तर ते शेवटपर्यंत वाचलेले असले पाहिजे. दुसरे, लेखकाची किंवा त्या पुस्तकावर प्रेम करणाऱ्या सोबत्याची थट्टा करावयाची नाही. तिसरे, वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यातील एक तरी पुस्तक पुन्हा उघडून पाहावयाचे. मत बदलले तर जुने न खोडता नव्या दिनांकाने पुढे लिहावे. आपण वाढलो हे मुलाला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसण्याचा हा एक सोपा मार्ग आहे.

या वहीला गुण देऊ नयेत. गुण आले की मार्गदर्शक पुस्तिका पुन्हा दप्तरात येईल.

वह्यांचा शाळेलाही उपयोग होतो. एकच पुस्तक दहा मुलांनी सोडले असेल, तर पुढील खरेदीत तसली पुस्तके कमी घ्यावीत. दहा मुलांना एक पुस्तक आवडले असेल, तर त्याची दुसरी प्रत घ्यावी. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी भाषणांऐवजी या वह्यांतील कारणे मुलांनीच वाचून दाखविली, तर तो दिवस अधिक सार्थकी लागेल.

शेवटची गोष्ट शिक्षकाविषयी. अशी वही प्रथम शिक्षकाने स्वतः ठेवावी आणि तिचे एक पान वर्गाला वाचून दाखवावे. ‘हे पुस्तक मी तीनदा हाती घेतले आणि तिन्ही वेळा सोडले’ असे गुरुजींनी किंवा बाईंनी सांगितले, तर वर्गातील त्यांचा मान कमी होत नाही. ज्यांनी नावडलेल्या पुस्तकाविषयी खरे सांगितले, त्यांनी पुढे ‘हे मात्र अवश्य वाचा’ असे म्हटल्यावर मुले त्या पुस्तकासाठी कपाटाशी रांग लावतात.