खरबूज खावे, पण कापण्याआधी धुवावे

उन्हाळ्यात खरबूज कोणाच्या घरी येत नाही? साल तर आपण टाकूनच देतो, मग ती धुवायची कशाला, असे अनेकांना वाटते. पण खरबूज शिजवून खात नाहीत. जाळीदार सालीत अडकलेले जंतू सुरीच्या पात्याबरोबर थेट गरात उतरतात. म्हणून अशा फळाची स्वच्छता शेतापासूनच सांभाळावी लागते.

ती सुटली की काय होते, हे २०११ साली अमेरिकेत दिसले. कोलोरॅडो राज्यातील जेन्सन फार्म्स या शेतावरची खरबुजे खाऊन २८ राज्यांतील १४७ जणांना लिस्टेरिया या जंतूची बाधा झाली. त्यांपैकी ३३ जण दगावले. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे होते. नवलाची गोष्ट अशी, की साथ सुरू होण्याच्या काही दिवस आधी, २५ जुलै रोजी, एका खासगी तपासनिसाने तेथील पॅकिंग शेडला ९६ गुण देऊन उत्तम ठरवले होते!

मग दोष कोठे होता? सरकारी तपासात शेतातल्या नमुन्यांत हा जंतू सापडला नाही. तो सापडला पॅकिंग शेडमध्ये, ३९ पैकी १३ नमुन्यांत. तेथे फरशीवर पाणी साचत होते. पूर्वी बटाटे धुण्यासाठी वापरलेले, साफ करायला अवघड असे यंत्र होते. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक नव्हते. उन्हातून आलेली फळे आधी निववून न घेता शीतगृहात जात, त्यामुळे सालीवर ओल धरण्यास वाव होता.

आपल्याकडे द्राक्षे-डाळिंबे निर्यात करणाऱ्या बागायतदारांना 'ग्लोबलगॅप'ची तपासणी परिचित आहे. अशी तपासणी उपयोगीच असते; पण तपासनीस एखादा दिवस येतो, जंतू मात्र रोज वाढतात. म्हणून शेतकरी बंधूंनी एवढे रोज पाहावे: भाजीला सांडपाणी देऊ नये, कच्चे शेणखत टाळून पूर्ण कुजलेलेच वापरावे, मजुरांसाठी शौचालय व साबण-पाणी ठेवावे, जुलाब झालेल्यास तोडणीला लावू नये, क्रेट धुऊन वाळवावेत.

घरी काय करावे? अख्खे फळ वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवावे, कोरडे पुसावे, मगच धुतलेल्या सुरीने कापावे. कापलेल्या फोडी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवाव्यात व लवकर संपवाव्यात, कारण लिस्टेरिया थंडीतही हळूहळू वाढतो. गर्भवतींनी व वृद्धांनी उघड्यावरच्या कापलेल्या फोडी खाऊ नयेत. गर्भवतीला नुसता ताप आला, तरी गर्भाला धोका असू शकतो. असा ताप अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.