जपानी भाषेचे अध्यापन : संशोधनाची बदलती दिशा

जपानमधील शिक्षणव्यवहारात एकाच भाषेला दोन नावे आहेत. शाळेतील ‘कोकुगो’ हा विषय ती मातृभाषा असलेल्या मुलांसाठी आखलेला असतो. परभाषकाने शिकावयाची जपानी ती ‘निहोंगो’. या दुसऱ्या शाखेतील संशोधनाची दिशा गेल्या काही दशकांत कशी पालटली, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्रारंभी अभ्यासकांचे लक्ष भाषेच्या रचनेवर केंद्रित होते. वाक्यांचे साचे, ‘वा’ व ‘गा’ या निपातांतील भेद, कांजी लिपिचिन्हांचा क्रम हे त्यांचे मुख्य विषय होत. 1983 साली जपान सरकारने एक लक्ष परदेशी विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची योजना पुढे आणली आणि 1984 साली भाषाप्रावीण्य परीक्षा सुरू झाली. शिकणारा प्रौढ व सुशिक्षित आहे, हे यामागील सर्वसाधारण गृहीत होते.

1990 साली स्थलांतरविषयक सुधारित कायदा अमलात आला आणि ब्राझील, पेरू येथील जपानी वंशाची कुटुंबे कारखान्यांत कामासाठी येऊ लागली. त्यांची मुले सरकारी शाळांत दाखल झाली. दोनएक वर्षांत ती मैदानावर सफाईने बोलत. परंतु गणिताचे शाब्दिक उदाहरण वाचताना अडखळत. अशा मुलावर मंदबुद्धीचा शिक्का बसण्याचा धोका उघड होता. कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी 1979 साली संभाषणाची भाषा व अध्ययनाची भाषा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडला. दुसरी भाषा आत्मसात करण्यास पाच ते सात वर्षेही लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले. 2003 साली जपानच्या शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळांसाठी विषय व भाषा एकत्र शिकविणारा अभ्यासक्रम सिद्ध केला. 2014 पासून नियमित शाळेतच विशेष भाषातासिका घेण्याची तरतूद झाली.

याच काळात संशोधनाची दुसरी धारा पुढे आली. 1995 सालच्या कोबे परिसरातील भूकंपात अनेक परदेशीयांना आपत्तिसूचनांचा अर्थच लागला नाही. तेव्हा ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सुबोध जपानी, या कल्पनेने मूळ धरले. ‘दोसोकु गेन्किन’ (पादत्राणांसह प्रवेशास सक्त मनाई) या जड पाटीऐवजी ‘कृपया बूट काढा’ अशा अर्थाचे साधे वाक्य लिहावे, असा तिचा आग्रह. परक्याने किती शिकावे, याच्या जोडीला स्थानिकाने किती सोपे बोलावे, हाही प्रश्न त्यामुळे अभ्यासविषय झाला.

2019 च्या कायद्याने जपानी शिक्षणाची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर सोपविली; 2024 पासून शिक्षकांसाठी राष्ट्रीय पात्रताही आली. तथापि सक्तीच्या शिक्षणाचे बंधन परदेशी नागरिकांच्या मुलांना लागू नाही. 2019 सालच्या पाहणीत अशी सुमारे वीस हजार मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता आढळली. वर्गातील अध्यापनपद्धती कितीही सुधारली, तरी जे मूल वर्गापर्यंत पोहोचतच नाही त्याच्यापुरती ती निष्फळ ठरते. म्हणून या क्षेत्रातील पुढील संशोधनाने शाळेच्या प्रवेशद्वाराचाही विचार करावा, असे आम्हांस वाटते.