टपाल-तिकिटांतील अदृश्य खुणा : परीक्षणाच्या साधनांची निवड

बादशहा पंचम जॉर्ज यांची मुद्रा असलेली भारतीय तिकिटे १९११ पासून प्रचारात आली. ती लंडनमध्ये छापली जात. पुढे १९२६ पासून हेच काम नाशिकच्या छापखान्यात होऊ लागले. परंतु पुष्कळ मूल्यांच्या तिकिटांचे चित्र पूर्वीचेच राहिले. अशी दोन तिकिटे शेजारी ठेवली, तर नुसत्या डोळ्यांना त्यांच्यातील भेद बहुधा कळत नाही. तो कागदाच्या अंतरंगात दडलेला असतो. लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एकच तारा आहे, तर नाशिकच्या कागदावर लहान ताऱ्यांची रास पसरलेली आहे. ही खूण म्हणजेच जलचिन्ह होय. ते पाहण्याचे साधन चुकीचे निवडले, तर तिकिटाची ओळख तर पटत नाहीच, शिवाय तिकीटही नासते.

जलचिन्ह कसे उमटते हे ध्यानात घेतले म्हणजे साधनांची निवड सोपी होते. कागद तयार होत असताना ओल्या लगद्यावरून उठावाची नक्षी असलेला रूळ फिरवितात. नक्षीच्या दाबाखाली लगदा किंचित पातळ होतो. म्हणूनच काही तिकिटे केवळ उजेडासमोर धरली किंवा काळ्या पाटीवर पालथी ठेवली, तरी चिन्ह दिसते. या उपायाला काही खर्च नाही व त्यात धोकाही नाही. म्हणून आरंभ नेहमी येथूनच करावा.

एवढ्याने भागले नाही, तर संग्राहक द्रवाचा आश्रय घेतात. काळ्या तबकडीत तिकीट पालथे ठेवून त्यावर शीघ्र उडून जाणाऱ्या द्रवाचे काही थेंब टाकतात. द्रव तंतूंमधील पोकळ्या भरून काढतो, कागद अर्धपारदर्शक होतो आणि पातळ भागातून तबकडीचा काळा रंग अधिक उठून दिसतो. पाण्याने मागील डिंक विरघळतो. योग्य द्रवाने तो विरघळत नाही. पूर्वी यासाठी पेट्रोलियमपासून मिळणारे बेंझिन सर्रास वापरले जाई. ते अत्यंत ज्वालाग्राही आहे. कोळशाच्या डांबरापासून मिळणारा, जवळजवळ त्याच नावाचा पदार्थ तर कर्करोगास कारण होतो. नावातील साम्याने फसू नये. कार्बन टेट्राक्लोराइड पेट घेत नाही, पण यकृताला घातक आहे. म्हणून तिकिटांसाठीच मुद्दाम तयार केलेला द्रव घ्यावा आणि तो खिडक्या उघड्या ठेवून, दिव्या-चुलीपासून दूर वापरावा.

द्रवाची आणखी एक मर्यादा आहे. ग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापलेल्या काही तिकिटांची शाई त्यात विरघळते. भारतात ही पद्धत १९५२ च्या संत-कवींच्या मालिकेपासून सुरू झाली. तेव्हा त्यानंतरची तिकिटे हाताळताना विशेष जपावे. अशा वेळी कोरडी साधने उपयोगी पडतात. काहींत तिकीट काचेखाली दाबून बाजूने प्रकाश सोडतात, तर काहींत रंगीत गाळण्या असतात. तिकिटाच्याच रंगाची गाळणी लावली की चित्र फिके पडते आणि चिन्ह पुढे येते. द्रवात पिवळ्या व नारिंगी तिकिटांचे चिन्ह सहसा नीट दिसत नाही. तेथे या गाळण्यांचे महत्त्व विशेष आहे.

दुसरी अदृश्य खूण प्रकाशाची आहे. पत्रे यंत्राने उलटसुलट करून एका दिशेस लावता यावीत, म्हणून काही देशांनी तिकिटांवर दीप्तिमान द्रव्ये लावण्यास आरंभ केला. ब्रिटनने १९५९ मध्ये साउथॅम्प्टन येथे अशा तिकिटांचा प्रयोग केला. कॅनडाने १९६२ मध्ये विनिपेग येथे आणि अमेरिकेने १९६३ मध्ये डेटन येथे तसेच केले. जंबुपार किरण पडले की ही द्रव्ये चमकतात. किरण असेपर्यंतच टिकणाऱ्या चमकेस प्रतिदीप्ती म्हणतात. दिवा मालवल्यावरही क्षणभर रेंगाळणारी चमक वेगळ्या जातीची असते.

दिवा निवडताना मुख्य प्रश्न किरणांच्या तरंगलांबीचा असतो. सुमारे ३६५ नॅनोमीटरच्या दीर्घलहरी दिव्यात कागदाला शुभ्रता आणणारी आधुनिक रसायने निळसर-पांढरी झळकतात. ब्रिटिश व अमेरिकी तिकिटांवरील बहुतेक दीप्तिद्रव्ये मात्र २५४ नॅनोमीटरच्या लघुलहरी दिव्याखालीच ओळखू येतात. नोटा तपासण्याचे स्वस्त दिवे पुष्कळदा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. त्यांच्या जांभळ्या उजेडात मंद चमक बुडून जाते. लघुलहरी किरणांनी डोळ्यांना व त्वचेला इजा होते, म्हणून संरक्षक चष्म्यावाचून तो दिवा लावू नये. साधी काच हे किरण अडविते; तेव्हा तिकीट काचेखाली ठेवल्यावर चमक नाहीशी झाली, तर ती लघुलहरींचीच होती असे समजावे.

ज्याचा संग्रह मुख्यतः जुन्या भारतीय तिकिटांचा आहे, त्याला काळी तबकडी, चांगले भिंग आणि दीर्घलहरी दिवा एवढे पुरे होते. एकोणिसाव्या शतकातील म्हणून विकावयास आलेल्या तिकिटाचा कागद या दिव्याखाली शुभ्र झळकला, तर तो बनावट किंवा डागडुजी केलेला असल्याची शंका घ्यावी. परंतु ती शंकाच होय, निवाडा नव्हे. आधुनिक लिफाफ्यासोबत एकाच पाण्यात भिजविल्यानेही जुन्या कागदाला ही रसायने चिकटू शकतात. यासाठी त्याच मालिकेतील निःसंशय अस्सल, कमी किमतीचे एक तिकीट तुलनेसाठी जवळ ठेवावे. साधन केवळ खूण दाखविते. तिचा अर्थ लावण्याचे काम परीक्षकाचेच असते.