गंगाखेडच्या दुकानाची वेबसाइट कोण हॅक करणार?

कुणीही! हल्ला करणारा प्रोग्राम गाव बघत नाही, व्हर्जन बघतो. वर्डप्रेसने २६ जानेवारी २०१७ला ४.७.२ आणून एक गंभीर त्रुटी गाजावाजा न करता बुजवली. १ फेब्रुवारीला ती जाहीर झाली आणि काही दिवसांतच अपडेट न केलेल्या साइटवरची लाखो पानं बदलली गेली. अशा प्रोग्रामला मुंबईचा सराफ आणि आपल्याकडचा बियाणेवाला सारखाच.

‘अपडेटने साइट बिघडते’ ही तक्रार मात्र खोटी नाही. जुन्या प्लगइनचं नव्या व्हर्जनशी जमत नाही आणि ऐन दिवाळीत पान पांढरं पडतं. म्हणून आधी बॅकअप, तोही त्याच सर्व्हरवर नको; सर्व्हर गेला की दोन्ही गेले. नको असलेलं प्लगइन नुसतं बंद करू नका, काढूनच टाका. बंद केलं तरी त्याच्या फाइली तिथंच राहतात.