फियाट की हेराल्ड?

सत्तरच्या दशकात दादरच्या आमच्या गल्लीत दोनच मोटारी उभ्या असायच्या. काकांची फियाट ११०० आणि समोरच्या डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड. कुठली सरस, यावरून आम्हा पोरांत हातघाईची भांडणं व्हायची. मी अर्थातच फियाटच्या बाजूचा. आज दोघींचे आकडे शेजारी मांडले, की हेराल्डवर तेव्हा अन्याय केला असं वाटतं.

फियाट कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत ती तयार व्हायची. १९६४मध्ये 'डिलाइट' आली, १९७४मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. हेराल्ड १९६१पासून मद्रासला बनू लागली, मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. तिचा घाट जोव्हानी मिकेलॉती या इटालियनाचा आणि फियाट तर मूळचीच इटलीची, म्हणजे दोघींचंही रूप इटालियन.

इंजिनात फियाट वरचढ. १०८९ सीसी आणि ४० अश्वशक्ती, तर हेराल्ड ९४८ सीसी आणि जेमतेम ३५. हा फरक दादर-माटुंग्यात जाणवायचा नाही, खंडाळ्याच्या घाटात जाणवायचा. चार मोठी माणसं, आम्ही पोरं आणि टपावर सामान, तरी काकांची फियाट दुसऱ्या गिअरवर घुमत वर चढायची. वर पोचल्यावर बॉनेट उघडून काका ओलं फडकं घेऊन उभे राहायचे आणि रेडिएटर निवेपर्यंत झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असल्याने पुढे सलग बाकासारखी सीट. तिथे मधोमध बसणं हा माझा मान होता.

बाकी सगळ्यात हेराल्ड पुढची. तिचं स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचं, हलकं आणि नेमकं. २५ फुटांच्या वर्तुळात ती पुरी फिरायची. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी एका दमात गाडी वळवत, काकांना मागेपुढे करावं लागे. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. शिवाय वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी कसलेली बॉडी, त्यामुळे ठोकर लागली तर तेवढाच पत्रा बदलायचा. मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलंडायचं आणि मेकॅनिक पुढच्या चाकावर निवांत बसून काम करायचा. इंजिनापर्यंत इतक्या सहज हात पोचणारी गाडी मी पुन्हा पाहिली नाही.

तिचा घात मागच्या चाकांनी केला. स्विंग अ‍ॅक्सलमुळे मागे तिघं बसले की दोन्ही चाकं वरून आत कलत, पाय फाकून उभं राहिल्यासारखी. रिकाम्या गाडीत वेगात वळताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, तर शेपूट बाहेर जायचं. फियाटला मागे साधा सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. खड्ड्यात दणका बसायचा, पण कितीही माणसं कोंबा, चाकं सरळ. आपल्याकडे गाडी पाच जणांसाठी घेतात आणि सात जण बसतात. स्टँडर्डने १९७२च्या गझेल मॉडेलमध्ये तो अ‍ॅक्सल बदलला खरा, पण तोवर टॅक्सीवाल्यांनी फियाटला कौल दिला होता. टॅक्सी झाली म्हणजे नाक्यानाक्यावर पार्ट आणि मेकॅनिक आले.

१९८३मध्ये मारुती आली. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर आणि ताकद जवळपास पद्मिनीइतकीच, तीही कितीतरी हलक्या अंगात. त्या दिवशी आमचा वाद शिळा झाला. तरी काळीपिवळी पद्मिनी मुंबईत २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली.

जुन्या गाड्यांच्या मेळ्यात आता मी आधी हेराल्ड शोधतो. मालकाने परवानगी दिली, की ते लांबलचक नाक पुढे कलंडवतो आणि पुढच्या चाकावर टेकतो.